शिफारस शिकले तो उन्हाळा

एप्रिल लागला की आमच्या दुकानाच्या काउंटरवर एक प्रश्न वाढतो. शेतातली कामं उरकलेली असतात, पोरांच्या परीक्षा संपलेल्या असतात, आणि वर्षभर अंगावर काढलेली दुखणी घेऊन माणसं नांदेडला येतात. लोह्याहून, मुदखेडहून, एस.टी.तून उतरतात ती थेट दवाखान्यांच्या आमच्या गल्लीत. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, जुन्या चिठ्ठ्यांची पिशवी. औषधाच्या दुकानाच्या सावलीला उभी राहतात, पाणी मागतात, आणि पाणी पिऊन झाल्यावर हळूच विचारतात, "ताई, कुणाला दाखवावं बरं?"

मला तेव्हा घाम फुटतो. कूलर माझ्याच तोंडावर असतो, तरी फुटतो. या काउंटरच्या आत मी दहा वर्षं उभी आहे. कोण डॉक्टर किती वेळ देतो, कोणाची माणसं परत येताना हसत येतात, कोण उगाच चार तपासण्या जास्त लिहितो, सगळं मला ठाऊक असतं. चिठ्ठ्या वाचून माणूस कळतो. पण इतकं कळूनही माझं उत्तर वर्षानुवर्षं एकच होतं, "सगळेच चांगले आहेत, काका. तुमचं तुम्ही ठरवा."

हे उत्तर मला आमच्या दुकानाच्या मालकांनी, अप्पांनी, पहिल्याच आठवड्यात पाठ करून घेतलं होतं. अप्पा कपाळाला भस्म लावून दुकान उघडतात आणि कुणाशी आवाज चढवून बोलत नाहीत. ते म्हणाले, "पोरी, आपण गोळी द्यायची. डॉक्टर द्यायचा न्हाई." फार पूर्वी त्यांनी कुणाला तरी एका डॉक्टरचं नाव सांगितलं होतं. रोगी वाचला नाही. नातेवाईक डॉक्टरकडे गेलेच नाहीत, तीन दिवस अप्पांच्या दुकानासमोर येऊन बसले. भांडले नाहीत, काही बोलले नाहीत, नुसते बसले. अप्पा आजही ते सांगताना समोरच्या फरशीकडे बघतात.

आणि मला तरी वेगळं काय शिकवलं होतं? आमच्या घरात स्थळ सुचवतानासुद्धा आधी "माझं नाव मधे येऊ देऊ नका" असं बजावतात आणि मग मुलाचं नाव सांगतात. साडीचं दुकान सांगायचं तर "आम्हाला बरी लागली बुवा, तुमचं नशीब." कशाचाही जिम्मा घ्यायचा नाही. जिम्मा घेतला की तो जन्मभर दारात येऊन उभा राहतो, हे आम्हाला बोलायला लागायच्या आधीपासून कळतं.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात अशी मी फ्रेंच शिकत होते. नांदेडच्या औषध-दुकानातल्या बाईला फ्रेंच कशाला, हे सगळ्यांनी विचारून झालं होतं. हैदराबादच्या एका कंपनीत औषधांच्या तक्रारी नोंदवायचं काम असतं. परदेशातून माणसं लिहितात, ही गोळी घेतली आणि अंगावर पुरळ आलं, ही घेतली आणि चक्कर आली. औषधं कळणारं आणि फ्रेंच येणारं माणूस त्यांना हवं होतं. फ्रेंचची परीक्षा जूनच्या शेवटी, हैदराबादलाच. लेखी जमत होतं. तोंडी परीक्षेचं पान आलं की मी पुस्तक मिटायची.

आमच्या शिक्षिका शुभदा मॅडम पुण्याहून फोनच्या पडद्यावर शिकवायच्या. एप्रिलमध्ये त्यांनी धडा काढला तो उत्साहानं शिफारस करण्याचा. मैत्रिणीला एखादं पुस्तक, गाव, खाणावळ, माणूस सुचवायचं, आणि असं सुचवायचं की ती उठून निघालीच पाहिजे. त्यात प्रत्येक वेळी पुस्तकाचं, गावाचं नाव पुन्हापुन्हा घ्यायचं नाही. त्याऐवजी 'तो', 'ती', 'ते' असे छोटे शब्द वापरायचे आणि ते क्रियापदाच्या आधी बसवायचे. ज त ल कॉन्सेय. मी तुला ते सुचवते. वर्गातली इंग्रजीत शिकलेली मुलं तिथं धडपडत होती, क्रियापद आधी बोलून मोकळी होत होती. मला काहीच अडचण आली नाही. आपण बोलतोच तसं: मी, तुला, ते, आणि मग सुचवते. वस्तू स्त्रीलिंगी असली तर ला, अनेक असल्या तर ले. आयुष्यात पहिल्यांदा वर्गात माझं उत्तर सगळ्यांच्या आधी आलं. मॅडम म्हणाल्या, "प्रज्ञा, तुम्हाला हे जन्मजात येतंय."

आणि मग त्यांनी मला एक खाणावळ सुचवायला सांगितली. मी सुचवली. छोटे शब्द अचूक बसवून म्हणाले, की तिथलं जेवण कदाचित चांगलं आहे. काही लोकांना ते आवडतं. तू जाऊन बघ, पण मी सांगितलं म्हणून जाऊ नकोस. आवडलं नाही तर मला बोलू नकोस.

पडद्यावर अकरा चौकोन होते. सगळे हसले. मॅडमसुद्धा हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही शिफारस करताय की पोलिसांत जबाब देताय?"

मीही हसले. पण त्या दिवशी दुपारभर ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं. मराठीत माणसाला लपायला किती जागा आहे. 'बरे आहेत म्हणतात.' कोण म्हणतं? कुणीच नाही. हवा म्हणते. फ्रेंचमध्ये तो पहिला छोटा 'ज', म्हणजे मी, गाळताच येत नाही. कुणी तरी म्हणावंच लागतं आणि म्हणणाऱ्यानं पुढं यावं लागतं. मला ते पुढं येणंच नको होतं. वही मिटून मी कपाटातल्या सलाईनच्या बाटल्या मोजत बसले.

फोन त्यानंतरच्या आठवड्यात आला. दुपारची वेळ, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. काउंटरवर माझी फ्रेंचची वही उघडी होती. फोन लातूरहून कमलआत्याचा.

कमलआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. अकरावीपासून फार्मसी होईपर्यंत मी तिच्याकडे लातूरला राहिले. ती अंगणवाडीत कामाला होती. पोलिओचे डोस आले की ज्या बाया दार लावून घ्यायच्या, त्यांच्या उंबऱ्यावर ही बसून राहायची. "पाज गं माय, मी सांगून राहिले ना. काय झालं तर मला धर." असं म्हणून म्हणून तिनं आख्खी वस्ती पाजली. माझ्या घराण्यातला जिम्मा घेणारा एकच माणूस ती. तिच्याकडून मी भाकरी थापायला शिकले, सायकल शिकले, हे मात्र शिकले नाही.

"प्रज्ञे, दुकानात हाईस का?"

"हाव आत्या, बोल."

"काही न्हाई गं. छातीला एक गाठ लागून राहिली हाताला. बारकीच हाय. दुखत बिखत न्हाई. दाखवायची काही गरज हाय का?"

न दुखणारी गाठ. मी औषधाच्या दुकानात आहे, मला माहीत आहे न दुखणाऱ्या गाठीला का घाबरायचं असतं. आमच्या दुकानापासून चार दारं सोडून एक डॉक्टरीणबाई बसतात. त्यांच्याइतकं नीट लिहिणारं आणि नीट बोलणारं त्या गल्लीत कुणी नाही. त्यांचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं, खरंच आलं होतं. आणि मग मला वाटलं, मी 'जा' म्हटलं आणि ती गेली, आणि ते निघालं, तर? ते मी म्हटल्यामुळं निघाल्यासारखं होईल. मी न म्हटलं तर कदाचित ते नसेलच. शिकलेली बाई मी, असा विचार केला.

म्हणाले, "काही वेळा साधी पण असते गं. दाखवलं तर बरंच. डॉक्टर काय, सगळेच चांगले आहेत. तुझं तू ठरव."

"बरं बरं," आत्या म्हणाली. आवाज एकदम मोकळा झाला तिचा. मग ती लोणच्याच्या कैऱ्यांवर बोलत बसली, यंदा कैरी लई आंबट हाय म्हणाली, आणि फोन ठेवला. मी पुन्हा वही पुढं ओढली.

लातूरच्या पद्धतीनं मी तयारीला लागले होते. तिथं आम्ही रसायनशास्त्र असंच केलं होतं, प्रश्नसंच आणायचे, उत्तरं घोकायची, पुन्हा सोडवायची. तशा मी बारा शिफारशी लिहून काढल्या आणि पाठ केल्या. गोदावरीचा घाट. केसांचं तेल. माझी मैत्रीण जी शिवणकाम शिकवते: वा ला व्वार, जा, तिला भेट. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना मी पलीकडच्या टाकीला घाट सुचवायची. आवाज चढवून सुचवायची. शेजारच्या काकू बाबांना म्हणाल्या, "पोरगी कुणाशी भांडून राहिली रोज?"

आणि दुकानात दिवसभर गोळ्यांच्या त्याच पट्ट्या हाताखालून जायच्या. त्यातल्या काहींची नावं वाचताना मी दुसरीकडे बघायची. गिऱ्हाईक बाई असली, डोक्याला घट्ट रुमाल बांधलेली असली, की सुट्टे पैसे देताना माझ्या हातून खाली पडायचे. आत्याला फोन करावा असं रोज वाटायचं. केला नाही. केला असता तर विचारावं लागलं असतं, दाखवलंस का? ती नाही म्हणाली तर पुढचं वाक्य मला बोलावं लागलं असतं. ती हो म्हणाली तर पुढचं वाक्य ती बोलली असती. मला दोन्हींची भीती वाटत होती. तिचाही फोन आला नाही, आणि न येणारा फोन चांगला असतो असं मी स्वतःला समजावलं.

मग एका शनिवारी जेवताना बाबा सहज म्हणाले, "कमल कसल्या तरी लेपाला लागली म्हणं. निलंग्याकडचा एकजण देतो. तिची सून सांगून राहिली होती. कशासाठी ते तिलाबी ठाऊक न्हाई."

मी ताटावरून उठले. भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर होतं. फोन आला त्या दिवशी मी वर्गाची खूण केली होती, म्हणून मोजता आलं. पंचवीस दिवस झाले होते.

रविवारी लातूरच्या पहिल्या गाडीनं निघाले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर आलं. खिडकीतून भाजणारं वारं येत होतं आणि मी खिडकी लावत नव्हते, कारण तोंडावर काही तरी लागत राहिलं म्हणजे विचार थांबतो. थांबत नव्हता. शेजारची बाई म्हणाली, "ताई, बरं वाटंना का?" मी मान हलवली. माझ्या ओठांची हालचाल चालू होती हे मला तिच्या बघण्यावरून कळलं. मी घोकत होते. काय घोकत होते ते आठवत नाही.

आत्यानं दार उघडलं आणि हरखली. चुरमुऱ्यांचा सुशीला केला, वरून शेंगदाणे, कोथिंबीर, लिंबू. माझ्या आवडीचा. मी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "आत्या, आत चल. बघू दे."

ती आधी हसली. मग माझं तोंड बघून उठली.

आतल्या खोलीत तिनं पदर काढला. पिवळा, वाळून भेगाळलेला लेप. मी ओला पंचा घेऊन तो हळूहळू पुसला. ज्या बाईनं मला आंघोळ घातली नाही कधी, पण तापात रात्रंदिवस उशाशी बसली, तिला मी असं कधी पाहिलं नव्हतं. खाली कैरीच्या कोयीएवढं काही तरी टणक होतं. हललं नाही. बारीक नव्हतं ते, अजिबात बारीक नव्हतं. माझी बोटं तिथंच राहिली, उचलता येईनात.

खरं सांगायचं तर आधी फ्रेंचच आलं. वा ला व्वार. तोंडातून नाही, आत. मग मी ते मराठीत बोलले, आणि एवढ्या मोठ्यानं बोलले की सून स्वयंपाकघरातून डोकावली. "आत्या, उद्या नांदेडला चलायचं. तिथं डॉक्टरीणबाई आहेत, मी सात वर्षं त्यांच्या चिठ्ठ्या वाचते. दुसरं कुणाला विचारायचं नाही. मी सांगते म्हणून चल. मी सोबत आहे."

आत्यानं ब्लाउजची बटणं लावली. "बरं," ती म्हणाली. "तू म्हणतीस तर."

इतकंच. मी भांडणाच्या तयारीत होते, आणि ती पिशवी भरायला लागली. इतक्या सहज ऐकेल असं वाटलं नव्हतं. त्या सहजपणाचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली, कारण मग पंचवीस दिवसांपूर्वीही ती अशीच 'बरं' म्हणाली असती.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, कागद लिहिले, आणि कागदाकडेच बघत म्हणाल्या, "थोडं आधी आला असतात तर बरं झालं असतं." त्यांनी मला उद्देशून म्हटलं नाही. आत्याकडेही त्यांनी रागानं बघितलं नाही. असं वाक्य त्या दिवसातून चार वेळा म्हणत असतील. मी ते एकदाच ऐकलं आणि ते अजून संपलेलं नाही.

ऑपरेशन झालं. मग ती औषधं सुरू झाली ज्यांची नावं वाचताना मी दुसरीकडे बघायची. आत्या आमच्याकडेच राहिली. दोन डोसांच्या मधल्या दिवसांत मी हैदराबादला जाऊन तोंडी परीक्षा दिली. विषयाची चिठ्ठी निघाली ती साधीच होती, सुट्टीसाठी एक गाव सुचवा. मी लातूर सुचवलं. उन्हाळ्यात. समोरच्या परीक्षक बाईंना कमलआत्याचं घर सांगितलं, तिच्या हातचा सुशीला सांगितला, आजच जा म्हटलं, वाट बघू नका, उशीर करू नका, मी तुम्हाला सांगते, मी. छोटे शब्द बहुतेक जागच्या जागी बसले. बाई हसून काही तरी लिहीत होत्या. शिफारशीला मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. माझा आवाज भीतीनं वर गेला होता, त्यांना तो उत्साह वाटला.

कंपनीचं काम मिळालं. हैदराबादला अजून गेले नाही, सकाळी दुकान आणि दुपारनंतर घरूनच फ्रेंच तक्रारी असं चालवते. आत्याची तपासणी दर काही महिन्यांनी असते. तिचे केस परत आले, आधीपेक्षा कुरळे. आणि तिची जुनी सवयही परत आली. लातूरच्या आसपासच्या बाया आता आमच्या काउंटरवर येऊन माझं नाव घेतात. "कमलबाईनं धाडलं. म्हणल्या, माझी भाची सांगल तिथं डोळे झाकून जा. तिनं सांगितलं म्हणून मी वाचले." अप्पा हे ऐकतात आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघतात. मी त्या बायांना नाव सांगते. स्पष्ट सांगते, कुठल्या दारात, किती वाजता, काय विचारायचं. सांगून झाल्यावर आत जाऊन पाणी पिते. आणि 'तिनं सांगितलं म्हणून वाचले' हे ऐकताना तर चोरी पकडली गेल्यासारखं होतं. ते पंचवीस दिवस फक्त मला माहीत होते.

परवा आत्या आली. तपासणीची तारीख जवळ नव्हती. पाठीत दुखून राहिलंय म्हणाली, उगं, कळशी उचलली असंल. आम्ही डॉक्टरीणबाईंच्या बाहेरच्या बाकड्यावर बसलो होतो. पंखा गरम हवा फिरवत होता. तिच्या मांडीवर फाइल, त्यावर तिचे दोन्ही हात. मला राहवलं नाही.

"आत्या, त्या वर्षी तू पहिल्यांदा फोन केलास ना, तेव्हाच मला कळलं होतं. मी सांगायला पाहिजे होतं. मी भ्याले."

आत्यानं फाइलमधले कागद सारखे केले. मग म्हणाली, "तुलाच का फोन केला, ठाऊक हाय का? तुझ्या बापाला सांगितलं असतं तर तो उठ म्हणला असता. सुनंला सांगितलं असतं तर तिनं हात धरून नेलं असतं. म्हणून त्यांना सांगितलंच न्हाई. तू कुणालाच जा म्हणत न्हाईस. लहानपणापासून बघून राहिले मी तुला. मला न्हाई जायचं होतं, प्रज्ञे. सहा महिने झाले होते गाठीला. एकानं तरी 'तुझं तू ठरव' म्हणावं, एवढंच पाहिजे होतं मला. लई भ्याले होते मी."

तीन वर्षं मी पंचवीस दिवस उराशी धरून बसले होते, आणि तिच्यापाशी सहा महिने होते. आख्ख्या वस्तीच्या उंबऱ्यांवर बसलेली ही बाई स्वतःच्या उंबऱ्यावरून हलली नव्हती, आणि तिथं थांबायला तिनं सोबत म्हणून मला निवडलं होतं.

"आता बी तसंच वाटून राहिलंय," ती हळू म्हणाली. "पाठीचं काही नसंलच. जाऊ का घरी?"

आतून तिचं नाव पुकारलं. मी म्हणाले, "नाही. आत चल."

ती लगेच उठली, फाइल काखेत धरली, दाराशी जाऊन माझ्यासाठी थांबली. 'चल' मी म्हटलं होतं, आणि मलाच बाकड्यावरून उठता येत नव्हतं.